बोजा उतरला, डबी उतरली का?



गेल्या तालुका बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे चालू होते. मागच्या रांगेतला एक कार्यकर्ता उठला, पुढे आला आणि रुमालात बांधलेली एक वस्तू त्याने टेबलावर ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, तिला चार वायरी, वायरींच्या टोकाला चिकटपट्टी. कुणाला वाटले बॅटरीचा चार्जर, कुणाला वाटले रेडिओचा भाग. तो म्हणाला, "ही माझ्या ट्रॅक्टरच्या पोटातून निघाली. मी बसवली नव्हती. कुणी बसवली ते आजवर कुणी सांगत नाही."

हकिकत अशी. आठ महिन्यांपूर्वी त्याने नवा ट्रॅक्टर घेतला. बैलजोडी विकून आणि घरातले थोडे सोने मोडून पहिली रक्कम भरली, बाकीचे कर्ज. हप्ता सहामाही, पहिला हप्ता तारखेच्या आधी भरला. पण ट्रॅक्टर चार दिवस दारात उभा राहिला की बॅटरी बसायची. शोरूमवाल्यांनी सांगितले, बॅटरी बदला. गावातल्या वायरमनने मीटरमागचा पत्रा उघडला तेव्हा ही डबी दिसली. आत मोबाईलला असते तसले सिमकार्ड. बिल पुन्हा काढून पाहिले. त्यात "ॲक्सेसरीज" या एका शब्दापुढे साडेसहा हजार रुपये लावलेले. त्याला वाटले होते, हूड, बंपर आणि टॉपलिंकचे असतील.

डीलरकडे गेला तर डीलर म्हणाला, ते फायनान्सवाल्यांचे. फायनान्सवाल्यांकडे गेला तर ते म्हणाले, आमचा संबंध नाही, डीलरला विचारा. म्हणजे डबी कुणाचीच नाही. पण सिमकार्ड चालू होते. कुणीतरी त्याचे पैसे भरत होते, आणि कुणीतरी कुठेतरी बसून आठ महिने पाहत होते की हा गडी सकाळी किती वाजता शेतावर जातो, कुणाच्या रानात भाड्याने नांगरट करतो आणि रात्री ट्रॅक्टर कुठे लावतो.

बाजार समितीत माल नेणाऱ्याला ही जात चांगली ओळखीची आहे. पट्टीवर हमाली, तोलाई, कडता असे शब्द छापलेले असतात आणि प्रत्येक शब्दामागून कुणाचा तरी हात आपल्या खिशात येतो. इथे फरक इतकाच की हात खिशातून पैसे काढून थांबला नाही. तो गाडीत जाऊन बसला.

डबीचे काम काय

आधी ही वस्तू नीट समजून घेऊ, कारण न समजलेल्या वस्तूची भीतीही वाटते आणि तिच्यावरून फसवणेही सोपे जाते. डबीत दोन यंत्रे असतात. एक आकाशातल्या उपग्रहांचे संदेश घेऊन आपण कुठे आहोत ते ठरवते. दुसरे म्हणजे साधा मोबाईल; तो ठावठिकाणा सिमकार्डावरून दूरच्या संगणकाला कळवतो. लाल वायर बॅटरीला, काळी पत्र्याला, तिसरी चावीच्या स्विचला. चावी कधी फिरवली, इंजिन किती तास चालले, हे तिसऱ्या वायरवरून कळते. बहुतेक डब्यांत स्वतःची छोटी बॅटरी असते, म्हणून मोठ्या बॅटरीची वायर काढली तरी काही तास ती बोलत राहते.

खरी गोम चौथ्या वायरीत आहे. ही वायर एका चौकोनी रिलेकडे जाते आणि तो रिले स्टार्टरच्या किंवा डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडच्या लाइनीत घातलेला असतो. म्हणजे शहरातल्या कचेरीत कुणी बटण दाबले की इथे ट्रॅक्टर चालू होत नाही. चावी आपल्या हातात, डिझेल टाकीत, बॅटरी ठणठणीत, आणि यंत्र मुके. प्रत्येक डबीला चौथी वायर असतेच असे नाही. पण आहे की नाही, हे पत्रा उघडल्याशिवाय कळत नाही.

कारखान्यातून बसवून आलेली अशी यंत्रेही असतात. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा उल्लेख ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात असतो, त्यांची माहिती आपल्याच मोबाईलवर दिसते आणि वायरिंग मूळ जुडग्यातून, व्यवस्थित सॉकेटने जोडलेले असते. डीलरच्या अंगणात बसवलेली डबी ओळखू येते ती चिकटपट्टीवरून. मूळ वायर मध्येच सोलून तिला जोड दिलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात तो जोड गंजतो, शॉर्ट होतो, आणि वॉरंटीत गेलो तर तेच शोरूम सांगते, "वायरिंगला बाहेरच्या माणसाने हात लावलाय."

ही चाल आली कुठून

गाड्यांत अशा डब्या बसवण्याची चाल अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. तिथले मोटारींचे डीलर आपल्या अंगणातल्या सगळ्या गाड्यांना चोरीच्या भीतीने ठावठिकाणा सांगणारी यंत्रे लावतात. गाडी विकताना तेच यंत्र गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचे, त्याने घेतले तर पैसे मिळाले, नको म्हटले तरी काढण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत. घरी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी लोकांना आपल्या गाडीत भलतेच यंत्र सापडते.

दुसरा प्रकार कर्जाच्या गाड्यांचा. ज्यांची पत कमी त्यांना चढ्या व्याजाने कर्ज द्यायचे आणि गाडीत इंजिन अडवणारी डबी बसवायची. २०१४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने यावर मोठा लेख छापला. अशी यंत्रे तेव्हा सुमारे २० लाख गाड्यांत होती. हप्ता थोडे दिवस लांबला म्हणून आजारी लेकराला दवाखान्यात न्यायच्या वेळी गाडी सुरू होऊ नये, असे प्रसंग त्यात आहेत.

त्याच्याही आधीची, २०१० सालची गोष्ट प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने लक्षात ठेवावी. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात एका डीलरने कामावरून काढलेल्या नोकराने दुसऱ्याचा पासवर्ड वापरून डीलरच्या संगणकात शिरकाव केला आणि शंभराहून अधिक गाड्या बंद पाडल्या. काहींचे भोंगे वाजत सुटले, बॅटरीची वायर काढल्याशिवाय थांबेनात. हप्ते नियमित भरणाऱ्यांच्याही गाड्या त्यात होत्या. चूक कुणाची, राग कुणावर, आणि कामाला खाडा कुणाचा? बटण एकदा तयार झाले की ते सज्जन मालकाच्याच हातात राहील याची हमी खुद्द मालकही देऊ शकत नाही.

मोटार बंद पडली तर माणूस बसने कामावर जातो. ट्रॅक्टरचे तसे नाही. पाऊस पडून गेल्यावर रान वाफशावर येते ते मोजके दिवस. त्या दिवसांत पेरणी साधली तर साधली, नाहीतर ओल उडून जाते. उसाची तोड मिळाली, टोळी रानात आली, दोन ट्रॉल्या भरल्या आणि कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर मुका झाला तर ऊस वाळतो, वजन घटते, टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. भर रस्त्यात रात्री दोन ट्रॉल्या घेऊन उभा राहिलेला ट्रॅक्टर म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे मरण. दूरच्या कचेरीत बटण दाबणाऱ्याला वाफसा कळत नाही आणि रस्त्यावरचा अंधारही दिसत नाही.

वसुलीवाल्याच्या हातातला नकाशा

सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात कर्जावरचा ट्रॅक्टर ओढून न्यायला वसुलीची माणसे आली. शेतकऱ्याची गर्भवती लेक आडवी गेली आणि त्याच ट्रॅक्टरच्या चाकाखाली सापडून गेली. देशभर बोंब झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्या कर्ज कंपनीला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली आणि जप्ती करायला बंदी घातली. जानेवारी २०२३ मध्ये बंदी उठलीही.

बँकांनी वसुलीसाठी गुंड पाळू नयेत, कायद्याच्या वाटेने जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सुनावले आहे. बिगरबँक कर्ज कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा दंडक असा की जप्तीआधी नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घेणार, विकण्यापूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी देणार, हे सगळे करारात लिहिलेले पाहिजे. कागदावर व्यवस्था अशी आहे. पण वसुलीच्या ठेकेदाराच्या मोबाईलवर ट्रॅक्टरचा ठिपका दिसत असेल तर नोटिशीची वाट कोण पाहणार? माणूस बाजाराला गेला आहे, घरी म्हातारी एकटी आहे, ट्रॅक्टर गावापासून दोन कोसांवर वस्तीवर उभा आहे, हे त्याला बसल्या जागी समजते. पूर्वी जप्तीला येणाऱ्याला गावात विचारत यावे लागे, आणि विचारता विचारता चार माणसे गोळा होत. ती चार माणसे हेच गरिबाचे संरक्षण होते. डबीने तेवढेही ठेवले नाही.

दुसरी बाजूही ऐकू

आपण आपल्या बाजूचे खोटे बोलायचे नाही, ही संघटनेची रीत आहे. हप्ते बुडवून ट्रॅक्टर पाहुण्यांच्या गावी लपवणारे महाभाग आपल्यातही आहेत. एकाच ट्रॅक्टरवर दोन ठिकाणी कर्ज काढणारेही आहेत. अशांमुळे कर्ज देणारा धास्तावतो आणि त्या धास्तीचे व्याज प्रामाणिक माणूस भरतो. कर्ज देणाऱ्याला आपल्या पैशाची काळजी असणे हा काही गुन्हा नाही.

ट्रॅक्टर चोरीला गेला तर हीच डबी कामाला येते, हेही खरे. २०२२ च्या मे महिन्यात रशियन फौजांनी युक्रेनमधल्या मेलितोपोल शहरातल्या एका डीलरकडची कापणीयंत्रे आणि ट्रॅक्टर उचलून हजार किलोमीटरहून लांब चेचन्यात नेल्याची बातमी आली. यंत्रांनी आपला पत्ता कळवला आणि ती दुरूनच कुलूपबंद करण्यात आली. चोराला घबाड मिळाले, पण चालवता येईना. जगभरच्या शेतकऱ्यांना त्या बातमीचे हसू आले. हसून झाल्यावर मात्र विचार करावा की चोराच्या हातातले यंत्र बंद करणारे कुलूप आपल्या हातातल्या यंत्रालाही लागते. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतोच.

संघटनेचा तंत्रज्ञानाला विरोध कधीच नव्हता. बियाणे असो, यंत्र असो, जगात जे निघाले ते शेतकऱ्याला वापरायला मिळाले पाहिजे ही आपली मागणी जुनी आहे. ज्याला ठावठिकाणा सांगणारे यंत्र हवे त्याने हौसेने बसवावे. मुलगा पुण्याला असेल आणि ड्रायव्हर ट्रॅक्टर कुठे फिरवतो ते त्याला पाहायचे असेल तर जरूर पाहावे. पण डबी कुणाच्या सांगण्यावरून बसली, पैसे कुणी दिले, माहिती कुणाला दिसते आणि काढायची असेल तर कोण काढणार, ही चार उत्तरे मालकाला आधी मिळाली पाहिजेत. ज्या यंत्राचा मालकालाच पत्ता नाही ते त्याच्या सोयीसाठी बसवले, हे कुणी कितीही गोड बोलून सांगितले तरी पटण्यासारखे नाही.

"तुम्ही हप्ते वेळेवर भरता ना, मग लपवायचे काय?" असे एक साहेब परवा म्हणाले. साहेबांच्या घरालाही कर्ज आहे. त्यांच्या माजघरात बँकेने न सांगता कॅमेरा बसवला आणि "हप्ते भरता ना, मग लपवायचे काय?" असे विचारले तर साहेबांना चालेल काय? इंडियातल्या माणसाला जी अब्रू आहे ती भारतातल्या माणसालाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या निकालात शहरी आणि खेडूत असा भेद केलेला नाही.

आणखी एक प्रश्न विचारला जाईल. खुल्या बाजाराची भाषा करणारी संघटना व्यापाऱ्यावर बंधने का मागते? उत्तर सरळ आहे. खुला बाजार म्हणजे खुला करार. दोघांनाही काय देतो, काय घेतो हे ठाऊक असेल तरच तो सौदा. नाहीतर ती फसवणूक. काट्याखाली लोहचुंबक लावणारा व्यापारी खुल्या बाजाराचा शिपाई होत नाही. आमचे म्हणणे इतकेच की भाव उघड करा. डबी लावू दिली तर व्याज किती, लावू दिली नाही तर किती, दोन्ही दर फळ्यावर लिहा. डबीमुळे तुमचा धोका कमी होत असेल तर त्या बचतीतला वाटा आम्हाला द्या. मग ज्याला परवडेल तो हे घेईल, ज्याला परवडेल तो ते घेईल. आज काय होते? धोका कमी झाल्याचा फायदा त्यांचा, व्याज जुनेच, आणि डबीची किंमत वर आमच्याच बिलात.

कायदा कुठवर साथ देतो

मालकी कुणाची इथून सुरुवात करू. आरसी बुकावर कर्जाचा बोजा चढला म्हणून कर्ज देणारा मालक होत नाही. तारणाच्या करारात मालक शेतकरीच असतो; ट्रॅक्टर फक्त गहाण असतो. भाडेखरेदीचा करार असेल तर शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी कंपनीकडे राहते. म्हणून आपला करार कोणत्या प्रकारचा आहे ते पहिल्यांदा पाहावे. कराराची आणि त्याच्या सगळ्या जोडपत्रांची प्रत कर्ज कंपनीने कर्जदाराला दिलीच पाहिजे, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत व्यवहार केला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्यापैकी किती जणांकडे ती प्रत आहे?

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ ग्राहकांच्या आणि छोट्या उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने आणखी एक कागद सक्तीचा केला आहे. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. कर्जाचा खरा खर्च, व्याज आणि सगळे आकार त्यात कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहायचे असतात. विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. जो आकार त्या कागदात नाही तो कर्ज देणाऱ्याला पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वसूल करता येत नाही. ट्रॅक्टरचे कर्ज घेताना हा कागद मागा. "शेतीकर्जाला लागू नाही" असे उत्तर आले तर तेवढे वाक्य लेटरहेडवर लिहून मागा.

"हा सरकारचा नियम आहे" असे सांगून डबी बसवली जाते, त्याचीही शहानिशा करा. ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटाच्या वेळचे बटण हे मोटार वाहन नियमांत सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना, म्हणजे बस, टॅक्सी यांना. मालवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनाही असे यंत्र लावण्याचा मसुदा केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने २०२५ साली काढला. डीलर त्याचे नाव घेऊ लागला तर अंतिम अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागा, आणि ती शेतीच्या ट्रॅक्टरला लागू आहे का ते स्वतः वाचा. सरकारी सक्तीचे यंत्र लपवून बसवायचे कारण नसते, एवढी साधी खूणही पुरे.

माणसाची माहिती गोळा करण्याबाबतचा कायदा संसदेने २०२३ साली केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य कलमांच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. त्या कायद्यात संमती ही मोकळेपणाने, समजून उमजून, नेमक्या कामापुरती दिलेली असली पाहिजे, आणि संमती मागणारी सूचना मराठीतही मिळण्याची सोय पाहिजे. इंग्रजी छपाईच्या चाळीस पानांवर चाळीस सह्या घेणे म्हणजे अशी संमती नव्हे, हे आपण ठासून मांडायचे आहे.

तोवर हाताशी असलेले हत्यार म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. न सांगता वस्तू बिलात घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी हा ग्राहक आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. कर्ज कंपनीविरुद्ध आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करायची, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने उधारीवर गाड्या विकणाऱ्या डीलरांसाठी २०१२ साली कायदा केला. डबी असल्याचे विक्रीच्या वेळी लेखी सांगायचे आणि लेखी संमती घ्यायची. हप्ता थकला तरी गाडी बंद करण्याआधी काही दिवस सूचना, ४८ तास आधी शेवटचा इशारा, आणि बंद केल्यावरही अडीअडचणीसाठी २४ तास गाडी चालू करण्याची सोय. भांडवलदारांच्या देशात एवढे होते, तर शेतकऱ्यांच्या देशात का होऊ नये?

आता काय करायचे

ट्रॅक्टर अजून घ्यायचा असेल तर कोटेशनमध्ये "ॲक्सेसरीज" हा मोघम शब्द चालवून घेऊ नका. एकेका वस्तूचे नाव आणि किंमत लिहून घ्या. "कारखान्याने बसवलेल्या वस्तूंखेरीज ठावठिकाणा सांगणारे किंवा इंजिन बंद करणारे कोणतेही यंत्र यात बसवलेले नाही" एवढे एक वाक्य डीलरच्या सही-शिक्क्याने मागा. डबी नसेल तर सही द्यायला त्याला अडचण नाही. सही देताना तो चाचरला तर समजून जा.

ट्रॅक्टर घेतलेला असेल तर एखाद्या दुपारी, चांगल्या उजेडात, जाणत्या वायरमनला घेऊन बसा. मीटरच्या मागे, सीटखाली, बॅटरीच्या पेटीजवळ, फ्यूजच्या डब्याशेजारी पाहा. मूळ वायरींवर नवी चिकटपट्टी, लुकलुकणारा बारीक दिवा, पंधरा आकडी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली डबी, उगाच टांगलेला चौकोनी रिले, या खुणा. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी विनाकारण बसत असेल तर आधीच पाहा.

डबी सापडली तर मात्र घाई करू नका. आमच्या कार्यकर्त्याने ती उपटून बैठकीत आणली, ही त्याची चूक झाली. आता डीलर म्हणतो, ती याच ट्रॅक्टरमधली कशावरून? म्हणून जागेवरच फोटो काढा, क्रमांक टिपून घ्या, गावातल्या दोन शहाण्या माणसांच्या सह्यांनी पंचनामा करा. करारात डबीचे कलम आहे का पाहा. असेल आणि आपण डबी तोडली तर उलट आपल्यावरच ठपका येतो. मग डीलर आणि कर्ज कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने एकच पत्र टाका: डबी कुणाची, पैसे कशाचे, माहिती कुणाकुणाला दिली, इंजिन बंद करण्याची सोय आहे का, आणि पंधरा दिवसांत आपल्या खर्चाने काढून मूळ वायरिंग नीट करून द्या. "आमची नाही" असे दोघांनीही लेखी कळवले तर उत्तमच. मग ती काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट शेवटी सांगतो. कर्ज फिटले की आपण ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत जातो, आरसी बुकावरचा बोजा उतरवून घेतो, घरी येऊन ट्रॅक्टरला नारळ फोडतो. बोजा उतरतो, डबी तशीच राहते. पाच वर्षे रक्त आटवून जी मालकी निखळ केली तिच्या पोटात परक्याचा कान तसाच जागा राहतो. जप्तीच्या लिलावातला किंवा दुसऱ्याकडून घेतलेला जुना ट्रॅक्टर असेल तर त्यात आधीच्या व्यवहाराची डबी असू शकते. ना-हरकत दाखल्याबरोबरच "यंत्र काढले" किंवा "यंत्र बसवलेलेच नव्हते" असा दाखला घेण्याची सवय आपण आजपासून लावून घेऊ.

जिल्हा बैठकीपुढे तीन ठराव ठेवत आहोत. पहिला: जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टर डीलरला संघटनेचे पत्र जावे आणि वरचे हमीचे वाक्य प्रत्येक बिलावर छापण्याची मागणी करावी. जे छापतील त्यांची नावे पुढच्या अंकात देऊ. दुसरा: कर्ज कंपन्यांनी डबीसह आणि डबीशिवाय असे दोन दर जाहीर करावेत, आणि हंगामात चालत्या कामात ट्रॅक्टर दुरून बंद करण्याची सोय कोणत्याही शेतकऱ्याच्या यंत्रात नसावी. तिसरा: प्रत्येक गावशाखेने आपल्या गावातले गेल्या तीन वर्षांतले ट्रॅक्टर तपासून यादी आणावी. आरसी बुकावर घरच्या बाईचे नाव असेल तर बैठकीला तिने यावे. मालक ती आहे, बोलेलही तीच.

याद्या आल्याशिवाय हा एका गावातला अपघात आहे की जिल्हाभरची चाल, हे ठरवता येणार नाही. आम्ही अंदाजावर आरोप करणार नाही. कागद हातात घेऊन बसू, आणि मग डीलर आणि कंपन्यांना समोर बोलावू. रुमालातली ती काळी डबी बैठकीच्या दिवशी टेबलावर ठेवलेली असेल. येताना आपापली बिले आणि करार घेऊन या.